डाव्या हाताचा उजेड

४ नोव्हेंबर

शेपूट,

आज सकाळी भाचेसून तिच्या मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत बसली होती आणि मला एकदम आपली पाचवीतली एक दुपार आठवली. सुट्टी संपून बोर्डिंग नुकतंच उघडलं होतं. सिस्टरांनी प्रत्येकीला ब्राऊन पेपरचे ताव वाटले होते. तू खाटेशेजारी फरशीवर बसून, जीभ दातांत धरून, कव्हरं घालत होतीस. तुझे कोपरे नेहमी ढिले. मी तुझ्या हातातून वही घेतली, कव्हर काढलं, नखानं घड्या पक्क्या केल्या आणि परत घातलं. सहाच्या सहा वह्या. तू नुसती बघत होतीस. मग जेवणाच्या रांगेत माझ्या बेल्टचं टोक धरून माझ्यामागे उभी राहिलीस. "मॉनिटर पुढे आणि तिचं शेपूट मागे," असं सिस्टर म्हणाल्या आणि ते नाव तुला चिकटलंच. घरीसुद्धा तुझे बाबा आणि माझी आई, सख्खे बहीणभाऊ, त्याच नावानं तुला हाक मारायला लागले.

साधी दुपार. पण हल्ली मला तीच आठवते, कारण हल्ली माझ्याकडे दुपारी फार असतात.

ब्रेलचा छापखाना सोडून सहा महिने झाले. भाच्यानं मागची खोली दिली आहे. खाट, टेबल, टेबलाच्या उजव्या हाताला खिडकी, खिडकीत समोरच्या इमारतीचे जिने. छापखान्यातून आणलेली ट्रंक खाटेखाली आहे. सगळे प्रेमानं वागतात. मला करायला काही नाही एवढंच.

आणि तिकडे माझ्या खुर्चीत पत्रेवाली बसते. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर सहा वर्षांनी ती आली. जस्ताच्या पत्र्यांवर ब्रेलचे ठिपके उठवायच्या मशीनवर मी तिला बसवलं. पंधरा वर्षं ती माझ्यासमोर मान खाली घालून पत्रे ठोकत होती. आता तीच मान वर करून म्हणते, शेवटच्या वाचनाची गरज नाही! तुला आठवतं ना, मास्तर बोटांनी मोठ्यानं वाचणार, समोर एक डोळस माणूस मूळ पुस्तक धरून ऐकणार, आणि सगळ्यांचं झालं की खिडकीच्या उजेडात, ठिपक्यांच्या सावल्या बघत, माझं शेवटचं वाचन. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय सत्तावीस वर्षांत एक पान बाहेर पडलं नाही. ते तिनं पहिल्याच महिन्यात बंद केलं. त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते वाचणाऱ्या दोघांची नावं छापते. म्हणजे चूक निघाली तर नाव त्यांचं, आणि हिचे हात मोकळे.

तू असतीस तर तुला कळलं असतं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून लिहिते. लवकर उत्तर दे.

मॉनिटर

१८ नोव्हेंबर

मॉनिटर,

तुझं पत्र वाचून हसले आणि थोडी काळजीतही पडले. पत्रात पत्रेवालीवर दहा वाक्यं. मोजली. भाच्याचा उल्लेख एकदा, तुझ्या गुडघ्याचा एकदाही नाही. डॉक्टर काय म्हणाले?

कव्हरांची दुपार मलाही आठवते. जरा वेगळी आठवते. ते पुन्हा कधीतरी.

अगं, तू छापखाना काढलास तेव्हा एका गॅरेजमध्ये आपण तिघं होतो, तू, मी आणि मास्तर. तिथून अकरा माणसांपर्यंत तू नेलास. ते कुणी हिरावून घेत नाही. वाचनखोलीची भिंत पाडली म्हणून तू बांधलेलं सगळं पडलं असं होत नाही. नव्या माणसानं सामान हलवायचंच. माझ्या सुनेनं माझे डबे हलवले तेव्हा मी आठ दिवस हळद शोधत होते, पण उपाशी कुणी राहिलं नाही.

दुपारी फिरायला जा. गुडघ्याला विचारून.

शेपूट

१ डिसेंबर

शेपूट,

भिंतीचं मी तुला लिहिलं होतं का? लिहिलं असेल. हल्ली काय लिहिलं आणि काय मनातच राहिलं याचा मेळ लागत नाही.

पण ऐक. परवा शनिवारी मी गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं. जिन्यातच वंगणाचा आणि ओल्या कागदाचा तो वास आला आणि पाय आपोआप भराभर चालायला लागले. भिंत पाडल्याचं ऐकलं होतं, तरी आत पाऊल टाकलं तर वाचनखोली कुठे गेली तेच कळेना. भिंतच नाही. मशीनवाले, वाचणारे, पुस्तकं शिवणारे सगळे एका मोठ्या टेबलाभोवती चहा घेत बसलेले. कामाच्या वेळी!

शिवणारी ओरडली, "बाई, तुमचा चहा गार होतोय!" मी वळले. आणि पत्रेवालीही वळली. हाक तिला होती. सगळे कपात बघायला लागले. तीच उठली, मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसली. किती गोड, नाही? अंगाची लाही लाही झाली माझ्या.

मग कळलं, ती त्यांची शनिवारची बैठक. प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सुरुवात पत्रेवाली करते. म्हणाली, "मी भूगोलाचा एक पत्रा उलटा लावला आणि वीस ताव छापल्यावर कळलं." आणि मास्तर हसले! खळखळून. म्हणाले, "वीसच? मागच्या वेळी तीस होते, प्रगती आहे." शेपूट, सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर मास्तर असे हसलेले मला आठवत नाहीत. माझ्याकडे चुका हसण्यावारी जात नसत. माझ्याकडे वही होती, प्रत्येकाच्या नावाचं पान, तारीख, वेळ, ओळ. ती मी छापखाना सोडताना घेऊन आले. त्यांना काय करायची आहे?

निघताना तिनं विचारलं, "बाई, जुन्या पत्र्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्या सामानात चुकून गेली असेल का? कपाट उघडत नाही म्हणून जुनी पुस्तकं आम्ही नव्यानं ठोकतोय." मी म्हटलं, बघते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, माझ्या हाताला लागत होती.

तिच्या टेबलावर एक पाकीट पडलं होतं. अक्षर अगदी आपल्या सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या वळणाचं. म्हणजे हिलाही कुणी कॉन्व्हेंटवाली मिळाली वाटतं, पाठ थोपटायला.

येताना मी नवं पुस्तक मागून आणलं, दहावीचं गणित. आता कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापतात. पुस्तक निम्म्या जाडीचं होतं, पोरांच्या दप्तरात मावतं, असं ती म्हणते. मार्चमध्ये परीक्षा आहे. मी ते वाचणार आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. बघू या, नावं छापून चुका कमी होतात का.

मॉनिटर

१२ डिसेंबर

मॉनिटर,

हे पत्र छोटं आहे, पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे.

पुस्तक वाच. तुला कोण अडवणार? पण काही सापडलं तर आधी तिला सांग. फोन कर, चिठ्ठी पाठव, भाच्याला पाठव. ट्रस्टच्या अध्यक्षांकडे जाऊ नकोस. तू अध्यक्षांकडे गेलीस की ते छपाई थांबवतील, कारण तुझा शब्द तिथे अजून चालतो. परीक्षा तोंडावर आहे आणि ते पुस्तक दुसरं कुणी छापत नाही.

आणि ती किल्ली देऊन टाक. असं काय करतेस!

शेपूट

६ जानेवारी

शेपूट,

त्रेचाळीस.

तीन आठवडे वाचत होते. सकाळी पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर, आणि दुपारी मुलगी शाळेतून येऊन तिथे अभ्यासाला बसली की मागे माझ्या खोलीत. पहिले काही दिवस फक्त सकाळीच वाचत होते, ती पानं स्वच्छ निघाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी नाराज झाले. रोज वाटायचं, आज तरी निघू दे. आणि मग निघायला लागल्या. जास्तीचे ठिपके. तीनच्या आकड्यात एक ठिपका घुसलेला, बेरजेच्या चिन्हाला भलताच शेजारी. मुलं काय गणित सोडवणार! मास्तरांची बोटं झिजली आता, आणि समोर बसणारी ती शिवणारीची भाची खिडकीबाहेर बघत असणार. शेवटी कुणीतरी बघणारं लागतं, हेच मी सत्तावीस वर्षं सांगत आले.

नेहमीसारखी यादी केली. पान, ओळ, तारीख, वेळ. एक प्रत तुला पाठवते. दुसरी अध्यक्षांना दिली. हो, दिली. तुझं पत्र मिळालं होतं. पण मी तिला का सांगू? तिनं मला विचारून शेवटचं वाचन बंद केलं होतं का?

अध्यक्ष यादी बघून गंभीर झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही होतात तोवर आम्ही निर्धास्त होतो." किती महिन्यांनी कुणी असं बोललं. छपाई थांबवली आहे. ३१ तारखेला विश्वस्तांची सभा आहे, त्यात तिचं काय करायचं ते ठरेल. मला परत येता येईल का, असंही हळूच विचारलं त्यांनी.

त्या दिवशी मी घरी चालत आले. गुडघा अजिबात दुखला नाही.

मॉनिटर

१७ जानेवारी

मॉनिटर,

ते सिस्टरांच्या वळणाचं अक्षर माझं आहे.

तू ओळखलं नाहीस, कारण माझं पाकीट तिथे असू शकतं हे तुझ्या मनातच आलं नसतं. ती मला लिहिते आणि मी तिला लिहिते, मे महिन्यापासून. तिच्या पहिल्या पत्रात एकच प्रश्न होता. खुर्चीत बसल्याच्या तिसऱ्या दिवशी मास्तरांकडून पत्ता घेऊन लिहिलं होतं: "तुम्ही सहा वर्षांनी का सोडलंत? जे राहिले त्यांना मी विचारू शकते. जे गेले त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही."

एकवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही. यांची बदली झाली असं मी सांगितलं आणि तू पेढ्यासारखं ते गोड मानून घेतलंस. बदली यांनी मागून घेतली होती. मी सांगितलं म्हणून.

मी एक पान तीन तीनदा ऐकायचे. मास्तर दमायचे पण कुरकुरायचे नाहीत. मग तू यायचीस, माझ्या टेबलावरून पान उचलायचीस आणि खिडकीशी जाऊन परत वाचायचीस. एक शब्द न बोलता. चूक निघाली असती तर निदान तू काहीतरी बोलली असतीस. सहा वर्षं. शेवटी शेवटी मी घरी कुलूप लावून जिना उतरायचे आणि परत चढून कुलूप ओढून बघायचे. आणि त्याहून वाईट म्हणजे, नंतर नंतर मी नीट ऐकेनाशी झाले. बाई बघतीलच, असं मनात यायचं. माझ्या एकटीच्याच नव्हे, सगळ्यांच्या. मला माझीच भीती वाटली, म्हणून गेले. हे सगळं मी तिला लिहिलं. शेवटचं वाचन बंद कर, हा सल्ला माझा आहे. नावं छापायची कल्पना तिची.

आता कव्हरांची दुपार. माझे कोपरे ढिले नव्हते, मॉनिटर. मी सकाळपासून बसले होते. बाबांना दाखवायचं होतं. तू काढलीस ती माझी चांगली कव्हरं होती. मी बोलले नाही, कारण तुझी खरंच छान झाली होती.

मला तुझा हेवा वाटायचा. गॅरेजचा, मशीनचा, तुझ्या नावानं आलेल्या मुलांच्या पत्रांचा. इतका, की पत्रेवालीचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खूश झाले, आणि का खूश झाले ते मला त्याच क्षणी कळलं. तेव्हा तुझ्यावर रागवायचा अधिकार मला फारसा नाही. पण तुझी यादी बघून रागावले आहे.

शेपूट

२२ फेब्रुवारी

शेपूट,

महिन्याहून जास्त काळ झाला. दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींची सुरुवात "तूसुद्धा" अशी होती.

सगळ्यात जास्त कशानं लागलं सांगू? ती खुर्ची तिनं घेतली ते एक वेळ ठीक. पण तू माझी होतीस. माझ्या बेल्टला धरून चालणारी. तू तिला पानं भरभरून लिहायचीस आणि मला "फिरायला जा". कितीतरी दिवस मी खाटेवर पडून तुमची पत्रं कशी असतील याचाच विचार करत होते. ती तुला काय म्हणते? ताई?

आता झालं ते सांगते.

सभेच्या तीन दिवस आधी, दुपारी साडेतीनला बेल वाजली. भाचेसून आत येऊन म्हणाली, "आत्या, छापखान्यातून बाई आल्यात."

"बाई मी आहे," मी म्हटलं, "ती पत्रेवाली."

ती भाचेसुनेच्या मागेच उभी होती. "हो, पत्रेवालीच आहे," ती म्हणाली, "आणि मास्तरांना आणलंय. जरा पाणी मिळेल का? तीन जिने आहेत तुमचे."

मास्तर खाटेवर टेकले. म्हणाले, "बाई, मी येणार नव्हतो. हिनं ओढून आणलं. त्रेचाळीस चुका माझ्या बोटांखालून गेल्या म्हणे. मी त्या दिवसापासून घरी भाताची शितंसुद्धा चाचपून बघतोय." त्यांचा आवाज असा होता की मला वर बघवेना.

तिनं पर्समधून माझी यादी काढली. मी वाद घालायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिलीय."

"सत्तावीस वर्षं लिहितेय."

"म्हणून तर कळलं. तुम्ही सकाळी जी पानं वाचलीत त्यांत एकही चूक नाही. सगळ्या त्रेचाळीस दुपारी तीननंतरच्या."

मला वाटलं, आता ही वयाचं काढणार. दुपारची पेंग, डोळे, चष्मा. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. मग उठून पुढच्या खोलीत गेली, मोठ्या टेबलाशी उभी राहिली, परत आली.

"टेबल फिरवू का जरा?"

"कशाला? बरं आहे तिथेच."

"फिरवू द्या हो बाई," मास्तर म्हणाले, "मला काय, कुठूनही सारखंच दिसतं." आणि हसले. माझ्या खोलीत, माझ्यासमोर.

आम्ही दोघींनी टेबल फिरवलं. खिडकी डाव्या हाताला आली, छापखान्यात होती तशी, पुढच्या खोलीत आहे तशी. तिनं सत्तावन्नावं पान उघडलं. तिसरी ओळ, माझ्या यादीतली अठरावी चूक. ठिपका नव्हता. तिथे खड्डा होता, मागच्या बाजूच्या ठिपक्याचा. मी पुस्तक उचलून उजेडाच्या दुसऱ्या बाजूला धरलं. खड्ड्याचा ठिपका झाला. परत डावीकडे आणलं, परत खड्डा. मास्तरांनी बोट ठेवलं. "खड्डाच आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की पान हललं.

सत्तावीस वर्षं डावीकडच्या उजेडाची सवय लागलेले डोळे. माझ्या वेळी एकाच बाजूनं छापत होतो, मागून खड्डे येण्याचा प्रश्नच नव्हता. उजवीकडून उजेड आला आणि मी जे नव्हतं ते बघितलं. आणि मला ते बघायचंच होतं ना!

आम्ही तिघं त्रेचाळीसही जागा बघत बसलो. चहा दोनदा झाला. एकही चूक नव्हती, शेपूट.

मी विचारलं, "अध्यक्षांना काय सांगणार तू?"

"तुम्ही सांगाल ते." मग यादीची घडी घालत म्हणाली, "शनिवारी पहिली चूक माझी असते. या वेळची मिळाली. दोन्ही बाजूंनी छापायला लागलो तेव्हा डोळ्यांनी वाचणाऱ्यांना उजेड कुठल्या बाजूनं घ्यायचा ते सांगायला हवं होतं. ते मी विसरले."

किती सहज घेतली तिनं ती चूक स्वतःवर. जशी कुणाच्या हातातली पिशवी घ्यावी. मी सत्तावीस वर्षांत कितीतरी चुका पकडल्या, पण अशी एकही घेतली नाही. आणि तेव्हा मला तिचा जो हेवा वाटला ना, तो खुर्चीच्या वेळी वाटला होता त्याच्या दसपट होता. हा जाणारा नाही.

ती जिना उतरत असताना मी अध्यक्षांना चिठ्ठी लिहायला बसले. यादी चुकीची होती, चूक माझ्या डोळ्यांची होती, तिला किंवा मास्तरांना बोल लावू नये, छपाई ताबडतोब सुरू करावी. तीन ओळी लिहायला तास लागला. भाच्यानं नेऊन दिली. छपाई सुरू झाली आणि सभेत तिचा विषय निघाला नाही.

मग शनिवारी गेले. स्टुलावर बसले. पत्रेवाली तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. आज पहिली मी." सांगितलं. कुणी हसलं नाही. शेवटी मास्तरच म्हणाले, "त्रेचाळीस? तीसच्या पुढे मोजायची पद्धत नाही आपल्याकडे." मग हसले सगळे. मी थोडी उशिरा हसले.

किल्ली मात्र दिली नाही. सगळं एकाच दिवशी नाही जमत.

मॉनिटर

४ मार्च

मॉनिटर,

पुस्तकं सगळ्या शाळांत पोचली, परीक्षेला अकरा दिवस ठेवून. रविवारीसुद्धा मशीन चालवलं म्हणे. हे मला तिनं कळवलं आणि मी तुला उघड सांगते आहे. यापुढे तसंच करीन. आणि ती मला ताई म्हणत नाही. "बाईंच्या बहिणीस" असं लिहिते.

तुझं पत्र सुनेला वाचून दाखवत होते, अर्ध्यावर कागद तिच्याच हातात दिला.

भाचेसुनेनं कळवलं, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सतरा तारखेला आहे. मला तू सांगणार नव्हतीस ना? मी सोळाच्या गाडीनं निघते, सतराला दुपारी पोचेन. तू तेव्हा हॉस्पिटलात असशील. मी तुझ्या खोलीत राहीन. टेबल हलवणार नाही.

शेपूट

९ मार्च

शेपूट,

ये. खाटेवर जाड पांघरूण काढून ठेवलं आहे, तुला थंडी लवकर वाजते.

मी घरी येईपर्यंत आठ दहा दिवस जातील. तेवढ्यात माझं एक काम कर. खाटेखाली ट्रंक आहे. कडी लागत नाही, दोरी बांधली आहे. छापखान्यातून निघताना मी त्यात जे जे भरलं ते आठवण म्हणून भरलं असं सगळ्यांना सांगितलं होतं. मला नाही तर तुम्हालाही नाही, अशा मनानं भरलं होतं. ते आता ज्याचं त्याला जाऊ दे. मी स्वतः नेलं तर मध्येच काहीतरी परत पर्समध्ये टाकीन. मला मी ओळखते.

अगदी वर फडक्यात गुंडाळलेला जस्ताचा पत्रा आहे. गॅरेजमध्ये आपण ठोकलेला पहिला. त्यात दुसऱ्या ओळीत एक ठिपका आपण चुकून ठोकला आणि मग हातोडीनं दाबून सपाट केला, आठवतं? तो मास्तरांना. त्यांना ती जागा बोटाला लागेल. ते काही बोलले तर मला जसंच्या तसं सांग.

टेबलावरचा वाकणारा दिवा भाचेसुनेला, मुलीच्या अभ्यासासाठी. डाव्या बाजूला ठेव म्हणावं. मुलगी डावरी आहे, तेव्हा नको, उजवीकडेच ठेव. तिचं तिला विचार.

लोकरीची शाल शिवणारीला. तिच्या भाचीबद्दल मी तुला जे लिहिलं होतं ते तिला माहीत नाही, आणि सांगू नकोस. नुसती शाल दे.

किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. ती पत्रेवालीला. म्हणजे बाईंना. पाकिटात घालून दे आणि पाकिटावर काही लिहू नकोस. ती काही विचारणार नाही. तिचं तेच तर मला आवडत नाही.

चुकांची वहीसुद्धा तिलाच. तिनं जाळली तरी चालेल, जपली तरी चालेल. शेवटचं पान मी माझ्या नावानं काढलं आहे. तारखा, वेळा, त्रेचाळीस नोंदी. उजेड, उजवीकडून. सत्तावीस वर्षांत त्या वहीत माझ्या नावाचं ते पहिलं पान.

मात्र वही द्यायच्या आधी त्यातली तुझी पानं कापून घे. सुरुवातीलाच आहेत, चौदा पानं. ती मी कुणाला कधी दाखवली नाहीत. तू तपासलेलं एकेक पान मी खिडकीशी नेऊन परत वाचत होते आणि रात्री घरी जायच्या आधी वहीत लिहीत होते. सहा वर्षं. तू बघशीलच. पहिल्या महिन्यात दोन चुका आहेत. नंतर प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द आहे. "निर्दोष." खाली तोच. पुढच्या पानावर तोच. शेवटी शेवटी तू नीट ऐकत नव्हतीस म्हणतेस, त्या महिन्यांपुढेसुद्धा तोच.

मला माहीत होतं. दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. तुला सांगितलं असतं, तर मला परत वाचायला कारण उरलं नसतं.

ती पानं तुझी. त्यांना कव्हर घालायचं असेल तर ब्राऊन पेपर टेबलाच्या खणात आहे. मी हात लावणार नाही.

मॉनिटर